कुत्र्यापायी मोडलेलं लग्न

"न्यूज म्हणजे काय?" प्राध्यापक उकिडव्यांनी माइकला तोंड लावून विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच हात पसरून चारी दिशा दाखवल्या. "नॉर्थ! ईस्ट! वेस्ट! साउथ! चारी दिशांकडून येते ती न्यूज!"

टाळ्या. अहो, काय टाळ्या! बार्शीतल्या त्या शाळेच्या मैदानावर सतरंजीवर बसलेल्या बायाबापड्या, खुर्च्यांवरचे वकील-डॉक्टर, मागे सायकलींना टेकून उभे राहिलेले लोक, सगळे हात दुखेपर्यंत टाळ्या पिटत होते. माझ्या शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, इतके खूश झाले की त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा नीट बसवली.

"बघ गं प्रमिला," ते म्हणाले, "रोज पेपर वाचतो मी, पण हे कधी सुचलं नाही की ओ!"

सुचणार कसं? ती शुद्ध लोणकढी थाप होती. न्यूज हा शब्द 'न्यू' या शब्दावरून आला. जे नवं ते न्यूज. एवढं साधं आहे ते. पण इतक्या साध्या उत्तरासाठी पुण्याहून पाहुणा बोलवून त्याच्या गळ्यात हार कोण घालील?

आमच्या गावच्या वसंत व्याख्यानमालेचं ते शेवटचं पुष्प. विषय होता 'इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा'. वक्ते प्राध्यापक उकिडवे, अंगावर मोतिया रंगाचा सिल्कचा झब्बा, बोटांत अंगठ्या आणि आवाज असा की कोपऱ्यातल्या भेळवाल्यालाही कळावं, विद्वान आलेत. तो माणूस पहिल्या वाक्यापासून माझ्या डोक्यात गेला होता. पण मी गप्प होते, कारण मंचावर त्यांच्या डाव्या हाताला, अध्यक्षांच्या पलीकडे, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून हेमंत नलावडे बसला होता.

हेमंत माझा होणारा नवरा. साखरपुडा झालेला होता, बोटात त्याची अंगठी होती. उकिडवे त्याचे पीएच.डी.चे गाईड. प्रबंध लिहून तयार होता, तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती, आणि ती पार पडली की आपल्याच कॉलेजात त्याला चिकटवून घ्यायचं उकिडव्यांनी कबूल केलं होतं. नोकरी लागली की लग्न, असं दोन्ही घरांत ठरलेलं. म्हणजे आमच्या अक्षता उकिडव्यांच्या मुठीत होत्या म्हणा ना.

त्या दिवशी दुपारी हेमंत आमच्या घरी आला होता. अण्णा अडतीवर गेले होते. आईनं त्याला पन्हं दिलं आणि ती मुद्दाम आत गेली.

"प्रमिला, एक काम आहे," तो म्हणाला. "संध्याकाळी व्याख्यानानंतर सर लोकांना सांगतात, कुठलाही इंग्रजी शब्द फेका, मी उभ्या उभ्या त्याचं मूळ सांगतो. पण गावाकडचे लोक लाजतात. कुणी बोलतच नाही, मग सरांची पंचाईत होते. तू 'सॅलरी' विचार."

"आणि सॅलरीचं उत्तर सरांनी आधीच पाठ केलेलं आहे."

"अगं, सगळे वक्ते तयारी करतात."

"तयारी करणं वेगळं आणि गावभर प्रश्न वाटत हिंडणं वेगळं. दुसरा कोणता वाटलास?"

"'विंडो' दिलाय. सोनटक्के डॉक्टरांच्या कंपाउंडरला." आणि मग तो हसला. "शाळा-तपासणी असली की तुम्ही मास्तरणी वर्गाला उत्तरं पढवून ठेवत नाही का?"

मलाही हसू आलं. काय करणार? ते खरंच होतं. हेमंतला मला हसवता यायचं, हे त्याचं मोठं बळ होतं. मी म्हटलं, बरं, विचारीन सॅलरी, जा.

आता आमचं जमलं कसं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सोलापूरला आम्ही एम.ए.ला एका वर्गात. कॉलेजच्या लायब्ररीत इंग्रजीचा एक भलामोठा कोश होता, कितीतरी खंडांचा. तो कुणी उघडत नसे, त्यावर चपराशी डबा ठेवायचा. हेमंतनं एकदा तो डबा उचलून खंड ओढला आणि मला म्हणाला, "रोज एक शब्द बघायचा. एक दिवस तुझा, एक दिवस माझा. आधी अंदाज सांगायचा, मग उघडायचं." आणि तो खेळ लागला तो लागलाच. विंडो म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा. कंपॅनियन म्हणजे एकत्र भाकरी खाणारा. नाइस म्हणजे मूळचा अडाणी. त्यावर तर मी आठवडाभर हसत होते, कारण आमच्या प्राचार्यांना प्रत्येक गोष्ट नाइस वाटायची. एक दिवस त्यानं 'हजबंड' काढला. घर धरून राहणारा माणूस, असा अर्थ निघाला. त्यानं तो मला वाचून दाखवला तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते. बाकीच्या मुली सिनेमाची गाणी म्हणत प्रेमात पडतात, आम्ही असे पडलो.

आणि मग आला 'डॉग'. त्या दिवशी माझी पाळी होती. मी म्हटलं, इतका घरगुती शब्द, याचं मूळ सोपं असणार. उघडून बघतो तर काय, एवढ्या मोठ्या कोशात लिहिलेलं: मूळ ठाऊक नाही. मी हिरमुसले. पण हेमंत त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसला. मग म्हणाला, "प्रमिला, ही काय हिंमत आहे बघ. एवढे विद्वान, एवढी वर्षं खपले, आणि कुत्र्यापाशी येऊन सरळ छापून टाकलं, आम्हाला ठाऊक नाही. मला असं व्हायला आवडेल."

त्या क्षणी मी ठरवलं, लग्न करीन तर याच्याशी. आईला मी कारण वेगळं सांगितलं. घर चांगलं आहे, शेती आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, असं काहीबाही. पण खरं कारण ते.

तर असा हा हेमंत त्या संध्याकाळी मंचावर बसून उकिडव्यांच्या प्रत्येक थापेला मान डोलावत होता. मी स्वतःची समजूत घालत होते. गाईड आहेत, डोलवावी लागते मान. सगळ्या दुनियेत चालतं हे. परीक्षा होऊन जाऊ दे, मग आपण दोघं बसून हसू.

उकिडव्यांचं सुरूच होतं. खरं सांगायचं तर त्यातलं काही खरंही होतं, आणि राग त्याचाच जास्त येत होता. खऱ्यात खोटं असं कालवलेलं की कुणी बोट ठेवू म्हटलं तर ठेवता येऊ नये. कंपाउंडरनं घाबरत घाबरत उठून 'विंडो' विचारला, तेव्हा उकिडव्यांनी डोळे मिटले, कपाळाला हात लावला, जणू आत्ताच आतून काही उमटतंय. मग वाऱ्याचा डोळा सांगितला. लोक अवाक. अण्णांनी माझ्या कोपराला धक्का दिला. "माणूस आहे का कोण आहे!"

हेमंतनं माझ्याकडे बघून हळूच हनुवटी हलवली. आता सॅलरी, असं. मी उठणार एवढ्यात उकिडव्यांचं पुढचं सुरू झालं.

"मंडळी, तुमच्या तालुक्याच्या शाळांमधून इंग्रजी शिकवणाऱ्या बाया मी बघतो, तेव्हा मला कीव येते," ते म्हणाले. "शब्दाचं मूळ विचारा, तोंड उघडत नाहीत. फार तर कोश उघडतात. आणि कोशात तरी काय असतं? जिथं अडतं तिथं लिहून मोकळे, म्हणे मूळ ठाऊक नाही! अहो, ठाऊक नाही तर मग कोश कशाला काढलात? वडे तळा!" लोक खो खो हसले. "मला एक शब्द असा दाखवा की ज्याचं मूळ सांगता येत नाही. एक! माझं आव्हान आहे."

मी तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझ्या वर्गातल्या दहा-बारा मुली पुढेच सतरंजीवर बसल्या होत्या, आणि त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण देवाशपथ सांगते, मी उठले ती उकिडव्यांची जिरवायला नाही. निदान तेवढ्यासाठी नाही. मला एकदम लायब्ररीतला तो खंड दिसला, त्या ओळीवरचं हेमंतचं बोट दिसलं, आणि वाटलं, आपला शब्द फेकावा. उकिडव्यांना काय सांगायचं ते सांगू देत. हेमंतला कळेल. तो गालात हसेल. एवढ्या गर्दीत तेवढं एक आमच्या दोघांचं.

"सर," मी उभी राहून म्हटलं, "डॉग."

हेमंत हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

उकिडव्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. हा शब्द ठरलेला नव्हता ना. पण मुरलेला गडी तो. त्यांनी पुन्हा डोळे मिटले, कपाळाला हात लावला, आणि उघडले ते थेट आरोळीच ठोकत.

"वा! वा बाई! डॉग! आता याची अक्षरं उलटी वाचा. काय होतं? गॉड! आपल्या दत्तात्रेयांच्या पायाशी काय असतं? कुत्री! इंग्रज या देशात आला, त्यानं दत्ताची तसबीर पाहिली. देवाच्या पायाशी हा प्राणी! त्यानं गॉड उलटा केला आणि ठेवलं नाव, डॉग! बोला, दिगंबरा दिगंबरा..."

आणि लोकांनी पुढचं म्हटलं हो! अर्धं मैदान हात जोडून बसलं. इंग्रज इथं यायच्या आधी आपल्या कुत्र्याला काय म्हणून हाक मारत होता, हे एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. वकील टाळ्या वाजवत होते, डॉक्टर वाजवत होते. माझ्या मुली तेवढ्या वाजवत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, बाई काय म्हणतात म्हणून.

मी खाली बसले नाही.

"सर, मी हा शब्द कोशात पाहिलाय," मी म्हटलं. "मूळ ठाऊक नाही, असं दिलंय."

टाळ्या हळूहळू थांबल्या. अण्णा माझा पदर ओढायला लागले.

"कुठला कोश बाई?" उकिडवे फार गोड बोलले. "शाळेच्या कपाटातला का?"

"सोलापूरला कॉलेजच्या लायब्ररीत आहे तो. सगळ्यांत मोठा."

"अस्सं!" त्यांनी लोकांकडे बघून डोळा मिचकावला. "मग तर योगायोगच म्हणायचा. त्याच लायब्ररीत ज्यानं आयुष्य घालवलं तो माझा विद्यार्थी इथं बसलाय. हुशार मुलगा. उद्याचा प्राध्यापक. नलावडे, उठा. तुम्ही तो कोश पाहिलाय ना?"

हेमंत उठला. "पाहिलाय सर."

"मग सांगा मंडळींना. मी खरं सांगतोय की या बाई?"

मला अजून आठवतंय, माइकची वायर त्याच्या पायात अडकली होती आणि ती सोडवण्यात त्यानं उगाच वेळ काढला. मी मनात म्हणत होते, हेमंत, तू खोटं बोलू नको, बस. खरं नसेल बोलता येत तर नको बोलू. म्हण, आत्ता आठवत नाही. म्हण, बघून सांगतो. घसा बसला म्हण, काहीही म्हण. तेवढ्यावर मी तुला सोडून देईन. जन्मभर त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

त्यानं माइक सरळ केला.

"सर म्हणतात तेच बरोबर आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी स्वच्छ होता. "कोशाच्या नव्या पुरवणीत तसंच दिलंय. बाईंनी बहुतेक जुनी प्रत पाहिली असावी."

बाईंनी! पहिल्या चार रांगांतल्या प्रत्येकाला माहीत होतं मी त्याची कोण ते. त्यांनीच आमच्या साखरपुड्याचे पेढे खाल्ले होते.

"ऐकलंत?" उकिडवे म्हणाले. "अर्धवट वाचायचं आणि चारचौघांत खोटं ठोकून द्यायचं. बाई, शिक्षकानं एक वेळ अडाणी असावं, पण खोटारडं असू नये. बसा."

मैदान हसलं. हेमंतही हसला, खाली बघून. उकिडव्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी बसले. आभार झाले, शाल झाली, नारळ झाला, राष्ट्रगीत झालं. मला फार मोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

घरी जाताना कोपऱ्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "तू कशाला गं उठलीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमंत आला. येणार हे मला माहीत होतं. मी रात्रभर त्याच्या बाजूनं भांडत होते. घाबरला असेल. एवढ्या लोकांत भले भले घाबरतात. येईल, मान खाली घालेल, म्हणेल, प्रमिला, चुकलं माझं. मग मी थोडी भांडेन, थोडी रडेन, आणि झालं. आईनं जावई यायचा म्हणून शिरा केला होता. तिला काल काय झालं ते धड कळलंच नव्हतं, ती मागे बायकांत बसली होती.

तो आला तो प्रसन्न. सायकल लावली, चपला काढल्या, अण्णांना नमस्कार केला, आणि माझ्याकडे बघून हसला.

"काय मग, राग गेला का?"

मी म्हटलं, "कोशात काय लिहिलंय, हेमंत?"

"अगं, मूळ ठाऊक नाही असंच लिहिलंय! मला माहीत नाही का? तुला माहितीये, मला माहितीये. आपल्या दोघांना माहितीये ना? मग झालं तर!" आणि तो शिरा खायला लागला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. हे तो कबूल करत होता, आणि कबूल करताना त्याला काहीच वाटत नव्हतं. बेदाणे बाजूला काढून शेवटी खायची त्याची सवय होती. त्याही दिवशी त्यानं ते नीट बाजूला काढून ठेवले.

"पुरवणी कुठली काढलीस?" मी विचारलं.

"ती ऐनवेळी सुचली." त्याला जरा अभिमानच वाटला त्याचा. "बरं झालं ना? नाही तर सर भडकले असते. ते तसे भडकलेलेच आहेत म्हणा. तेच सांगायला आलोय. सर अजून रेस्ट हाउसवर आहेत, दुपारच्या गाडीनं जाणार. आपण दोघं जाऊन येऊ. तू फक्त म्हण, सर, माझी प्रत जुनी होती, माफ करा. एक मिनिटाचं काम. ते मोठ्या मनाचे आहेत."

"मी माफी मागू? कशाची?"

"प्रमिला, पुढच्या महिन्यात माझी तोंडी परीक्षा आहे. रात्री ते मला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, नलावडे, तुमच्या होणाऱ्या बायकोनं माझी सभा नासवली, तिला आवरा. ही नोकरी गेली तर पुन्हा मिळायची नाही. आणि नोकरी नाही तर लग्न कसलं करायचं आपण? एका शब्दापायी एवढं सगळं घालवतेस? तोही शब्द कसला, तर कुत्रा!"

अण्णा इतका वेळ पानदान घेऊन बसले होते. अण्णांना इंग्रजीचा गंध नव्हता. अडत्याचा धंदा, सातवीपर्यंत शिक्षण. इंग्रजी बोलणारा जावई मिळाला म्हणून ते सगळ्या मार्केट यार्डात मिरवून आले होते. मला वाटलं, आता तेही म्हणतील, जा बाई, माग माफी, आमची अब्रू राख.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "मला ते कोशातलं काही कळत नाही बघा. पण एक विचारू का?"

"विचारा ना अण्णा."

"उद्या ही तुमच्या घरी नांदायला आली. आणि तुमचे हे साहेब चार लोकांत म्हणाले, ही बाई खोटारडी आहे, तर तुम्ही काय कराल?"

हेमंतला हसू आलं. "काहीतरीच काय अण्णा! सर असं कशाला म्हणतील?"

"काल म्हणाले की ओ," अण्णा म्हणाले. "मी शेजारीच बसलो होतो."

हेमंतचा घास हातात तसाच राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. अजूनही वेळ गेली नव्हती. एवढंच म्हणाला असता की अण्णा, मी चुकलो, तरी मी त्याच्या मागे गेले असते. तो अण्णांकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्याला घड्याळ बघायचं होतं! उकिडव्यांची गाडी चुकेल म्हणून.

"अण्णा, तो व्यासपीठाचा भाग झाला," तो म्हणाला. "व्यवहार वेगळा असतो. प्रमिला, आवर, उशीर होतोय."

आमचा साखरपुडा झाल्यापासून आई माझ्यामागे लागली होती, त्याला अरेतुरे करू नकोस, अहो म्हण, चारचौघांत वाईट दिसतं. मी हसून टाळायचे. लायब्ररीतल्या मित्राला अहो कसं म्हणायचं, जीभच वळायची नाही. त्या दिवशी ती वळली.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही निघा. तुम्हाला उशीर होतोय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची इच्छा पुरी झाली, पण तिनं तोंडाला पदर लावला. मी बोटातली अंगठी काढली. सुटेना, उन्हाळ्यानं बोटं सुजलेली. मोरीवर जाऊन साबण लावून काढली, पुसली, आणि त्याच्या शिऱ्याच्या बशीशेजारी ठेवली. बेदाणे अजून तसेच होते.

"तू खरंच एका कुत्र्यासाठी लग्न मोडतेस?" तो म्हणाला.

त्यानं अंगठी उचलून शर्टाच्या खिशात घातली आणि खिसा चाचपून पाहिला. तेवढ्यानंच माझं उरलंसुरलं दुःख निम्मं झालं. मग सायकल काढली आणि रेस्ट हाउसच्या रस्त्याला लागला. एकटाच गेला माफी मागायला, माझ्या वतीनं. मिळालीही असणार, कारण परीक्षा झाली, नोकरी लागली, पुढं उकिडव्यांच्याच पुतणीशी लग्नही झालं. सगळं व्यवस्थित झालं त्याचं.

गावात मात्र वर्षभर तेच. बारबोले अडत्याच्या पोरीनं कुत्र्यापायी लग्न मोडलं. बाजारात, देवळात, शाळेच्या स्टाफरूममध्ये. आजूबाजूला कोण आहे ते बघून बायका हळू आवाजात विचारायच्या, चावलं का काय गं? मी म्हणायचे, हो, चावलं.

अण्णांना त्यांच्या यार्डात फार ऐकून घ्यावं लागलं. पण घरी त्यांनी मला कधी बोल लावला नाही. एकदाच फक्त, पेपर वाचता वाचता, मान वर न करता म्हणाले, "मग ते न्यूजचंही खोटंच होतं का गं?" मी हो म्हटलं. "हात्तिच्या," म्हणाले आणि पान उलटलं. मला वाटतं त्यांना जावई गेल्यापेक्षा त्या चारी दिशा गेल्याचं वाईट वाटलं.

या गोष्टीला आता किती वर्षं झाली. मी त्याच शाळेतून रिटायर झाले. दुसरी स्थळं आली, ती मी बघितली नाहीत असं नाही, पण कुठं जमलं नाही. गेल्या वर्षी आमच्या व्याख्यानमालेनं पुन्हा 'शब्दांच्या जन्मकथा' ठेवल्या. वक्ते डॉक्टर हेमंत नलावडे. मी गेले. का नाही जायचं? गाव माझं आहे. केस पांढरे झालेत, झब्बा मोतिया रंगाचा, आवाज तसाच स्वच्छ. शेवटी म्हणाला, कुठलाही शब्द फेका. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं, कुणी पढवलेली असावी, शब्द फेकला, "सर, डॉग."

त्यानं डोळे मिटले. कपाळाला हात लावला. उघडले तेव्हा मी त्याच्या अगदी समोर, दुसऱ्या रांगेत बसले होते, आणि त्यानं मला ओळखलं. मी एवढी बदलले नाहीये. त्याचा हात कपाळावरच राहिला. आता उकिडवे नव्हते, ते वारून जमाना झाला. परीक्षा नव्हती, नोकरीची भीती नव्हती, त्याला कुणी काही करू शकत नव्हतं. तीन शब्द होते. मी माझ्याही नकळत पुढं सरकून बसले.

"वा!" तो म्हणाला. "आता याची अक्षरं उलटी वाचा."

मैदान हसलं, मग हात जोडले, मग टाळ्या. मी उठले आणि चपला शोधून बाहेर आले. गेटपाशी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली, आता ती स्वतः इंग्रजी शिकवते. "बाई, मध्येच निघालात?" म्हणाली. "आणि ते डॉगचं खरं आहे का हो?"

"नाही गं," मी म्हटलं. "मूळ ठाऊक नाही."

एवढंच त्याला एकदा म्हणता आलं असतं, तर आज माझं आडनाव नलावडे असतं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं असतं.